एकदाच विचारलं

पुण्याला यायचंय का, असं गुरुदत्तने आईला एकदाच विचारलं. तेही गाडीची किल्ली शोधता शोधता.

"आई, तू पण येतेस का आमच्याबरोबर?"

"नको रे, मी काय करू तिकडे," आशालताबाई म्हणाल्या. किल्ली फ्रीजवर सापडली. गुरुदत्त कामाला गेला आणि विषय तिथेच मिटला.

हा मुलगा जन्मभर या बाईच्या हातचं जेवला. पंगतीत कुणी "नको" म्हटलं की दुसऱ्यांदा विचारायचं आणि तिसऱ्यांदा न विचारताच वाढायचं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. परका पाहुणा चहाला नको म्हणाला तर हा त्याला हाताला धरून बसवायचा. आईच्या पहिल्याच नकोवर मात्र त्याने सामान बांधायला घेतलं. कळलं नाही असं कुणी म्हणू नये. त्याला चांगलं कळलं होतं.

सुनेला, ऋचाला, पुण्याला हिंजवडीत वरच्या पदाची नोकरी मिळाली होती. सगळे राहत होते तो पनवेलजवळच्या करंजाडेचा फ्लॅट आशालताबाईंचा. नवरा गेल्यावर पतपेढीच्या काउंटरवर बसून त्यांनी तो फेडला होता. तो बंद ठेवायचा आणि आईला 'निवांत'मध्ये ठेवायचं, असं ठरलं. निवांत म्हणजे पनवेलच्या बाहेर, डोंगराच्या अंगाला असलेलं ज्येष्ठांचं निवास. बाग, भजन, डॉक्टर, सगळं आहे. ठरलं म्हणजे कुणी ठरवलं, हे विचारू नका. असल्या गोष्टी आपल्या घरांमध्ये कुणीच ठरवत नाही, त्या फक्त ठरतात.

शनिवारी तिघं निवांतमध्ये गेली. तिथल्या समुपदेशक रेवामॅडम, चाळिशीच्या, शांत आवाजाच्या. खोली देण्याआधी त्या प्रत्येकाकडून एक चाचणी भरून घेत.

"याच्यात पास-नापास नाही, आजी. चारचौघांत तुम्ही कशा वागता आणि चारचौघांकडून तुम्हाला काय हवं असतं, हे तुमचं तुम्हालाच कळावं म्हणून आहे. प्रत्येक वाक्याला कधीच नाही, कधीतरी किंवा नेहमी, एवढंच सांगायचं."

"चष्मा घरी राहिला गं बाई."

"मी वाचतो ना," गुरुदत्तने कागद पुढे ओढला. "मी लोकांना माझ्या घरी बोलावते."

"बोलावते की. कोण येत नाही आपल्याकडे?"

"नेहमी." त्याने खूण केली. "लोकांनी मला त्यांच्याकडे बोलवावं असं मला वाटतं."

"छे, मला कुठे जायचंय आता."

"कधीच नाही."

"अरे, त्यांना नीट विचार तर करू दे," ऋचा म्हणाली.

"अगं, मी ओळखतो आईला. मी आजारी माणसाजवळ बसते. नेहमी. मी आजारी असताना कुणी जवळ बसावं असं वाटतं."

"कशाला? ज्याची त्याला कामं असतात."

"कधीच नाही. जवळच्या माणसांनी मला प्रेमाने जवळ घ्यावं असं वाटतं."

"इश्श! या वयात?" आशालताबाई हसल्या. ऋचाही हसली. गुरुदत्तने हसत हसतच 'कधीच नाही'वर खूण केली.

"माझ्याबद्दलचे निर्णय दुसऱ्यांनी घ्यावेत."

"तुम्ही काय ते बघा."

"नेहमी," गुरुदत्त म्हणाला, आणि ही खूण त्याने जरा ठळक केली.

मॅडम कागद घेऊन आतल्या खोलीत गेल्या. व्हरांड्यात तिथली मदतनीस मनिषा ट्रे घेऊन आली. जवळच्या गव्हाण गावची पोरगी, चालण्यात वारा.

"आजी, चाय घेता? गरम हाय."

"नको गं."

"बरं," म्हणून मनिषा पुढे गेली. गुरुदत्तला कप दिला, ऋचाला दिला, एक पलीकडच्या काकांना दिला आणि वळून निघून गेली. तिची काही चूक नव्हती. तिला अजून पुष्कळ जणांना चहा द्यायचा होता.

आशालताबाई ट्रेकडे बघत राहिल्या. सकाळपासून पोटात चहा नव्हता. डोकं ठणकत होतं. मुलगा शेजारी बसून फुर्रकन घोट घेत होता. आपण नको म्हटलं, आणि जगाने ते खरं धरलं. म्हणजे उद्यापासून इथे हेच. खिचडी घेता? नको. बागेत येता? नको. मुलाला फोन लावून देऊ? नको, तो कामात असेल. आणि प्रत्येक वेळी समोरचं माणूस "बरं" म्हणून पुढे जाणार. महिन्याभरात इथल्या खोलीत एक बाई राहते हेही कुणाच्या लक्षात राहणार नाही. आणि तसं लिहून कोण देतंय? आपणच.

"अगं ए पोरी!" त्यांनी एवढ्या जोरात हाक मारली की काकांनी कानाचं यंत्र चाचपलं. "मला चहा हवाय. साखर घालून."

"आताच नाय म्हनलाव ना, आजी?"

"खोटं बोलले."

"मंग आधीच बोलाचा ना! थांबा, आनते."

मॅडमनी आत बोलावलं तेव्हा आशालताबाई कप हातात घेऊनच गेल्या.

"आजी, तुमचा कागद बघून मला जरा आश्चर्य वाटलं," रेवामॅडम म्हणाल्या. "तुम्ही माणसांसाठी खूप करता. पण माणसांकडून तुम्हाला हवं असलेलं जवळजवळ काहीच नाही. सोबत नको, जवळीक नको, स्वतःचं मतही नको."

"मी तेच म्हणत होतो," गुरुदत्त पुढे सरकला. "आईला कुणाची गरज लागत नाही. ती इथे मस्त राहील. आता तर तिच्याच उत्तरांतून आलं."

"एक मिनिट. मी असं म्हटलेलं नाही."

"मॅडम, ती उत्तरं माझी नाहीत," आशालताबाई म्हणाल्या.

"आई, तूच तर सांगितलंस, आणि मी खुणा केल्या."

"मी जेवणाच्या पानावर बसल्यासारखं बोलले. मागायचं नाही, असं लहानपणी थोबाडीत मारून शिकवलं मला. मागणारी मुलगी हावरट. मागणारी सून आगाऊ. आणि मागणारी म्हातारी म्हणजे लोढणं. म्हणून नको म्हणायचं आणि कुणीतरी ओळखेल म्हणून वाट बघत बसायचं. मॅडम, परत विचारा. याने नाही, तुम्ही."

"आजारी असताना कुणी जवळ बसावं असं वाटतं?"

"नेहमी. साधा ताप आला तरी."

"लोकांनी तुम्हाला त्यांच्यात घ्यावं?"

"नेहमी. ही दोघं मोबाईलवर काहीतरी बघून हसतात ना, तेव्हा मला विचारावंसं वाटतं की काय झालं. दाखवा की मलाही."

"निर्णय दुसऱ्यांनी घ्यावेत?"

"कधीच नाही. बापाने घेतले, नवऱ्याने घेतले, आता हा घेतोय. पुरे झालं."

"जवळ घ्यावं?"

आशालताबाई यावेळी हसल्या नाहीत. "हो. या वयातच. तरुणपणी हा अंगाखांद्यावर होता, आता महिनोन्‌महिने मला कुणाचा हात लागत नाही. डॉक्टर रक्तदाब बघतो तेवढाच."

मग आशालताबाई खुर्ची वळवून मुलाकडे तोंड करून बसल्या.

"मला पुण्याला यायचंय, गुरु."

त्याचा चेहरा उतरला. अगदी क्षणभरच, पण आईने तो पाहिला. आईने पाहू नये अशीच ती गोष्ट होती.

"अगं, पण तूच नको म्हणालीस ना…"

"आता हो म्हणतेय. बोल."

"तिथे जागा लहान आहे. आणि दिवसभर आम्ही दोघं बाहेर. तुला करमेल का? तुझ्या भल्यासाठीच…"

"माझ्या भल्याचं मी बघते. मी तुला हवी आहे का, एवढं सांग. नको असेन तर नको म्हण. तुझं नको माझ्या तोंडून वदवून घेऊ नकोस. गेले दोन महिने तू तेच करतोयस, आणि आज त्याच्यावर मॅडमचा शिक्का घ्यायला आलायस."

"आई, तमाशा करू नकोस इथे."

"तमाशा नाही, चाचणी आहे. पास-नापास नसतं याच्यात. सांग."

गुरुदत्त बायकोकडे बघायला लागला. ऋचा म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? आई, खरं सांगू? तुम्हीही सोप्या नाही. नको म्हणता आणि मग चार दिवस भांडी आपटता. आम्ही काय ते ओळखत बसायचं. मी दमते त्याने."

"दमणारच. मीही दमले. आजपासून बंद."

"पण हेही खरं की तुम्ही मागितलं नाहीत, त्याचा आम्ही फायदा घेतला. मागितलं असतं तर आम्हाला तोंडावर नाही म्हणावं लागलं असतं."

"मग म्हणा ना."

गुरुदत्तने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "नाही जमणार, आई," तो शेवटी खाली बघत म्हणाला. "आम्हाला दोघांनाच राहून बघायचंय. लग्न झाल्यापासून कधी राहिलोच नाही. मला… आत्ता तू नकोयस तिथे."

लागलं. खोल लागलं. आशालताबाई थोडा वेळ कपाच्या कानाशी अंगठा घासत बसल्या. पण हे उत्तर ज्याचं होतं त्याच्या तोंडून आलं होतं, आणि ते उचलून आपल्या नावावर घालून घेण्याची आता गरज नव्हती.

"बरं," त्या म्हणाल्या. "राहा दोघं. मी चिडेन काही दिवस. फोन केलास तर फोनवरही चिडेन. तरी करायचा."

"आणि खोलीचं काय करायचं, आजी?" मॅडमनी विचारलं.

"खोली दुसऱ्या कुणाला द्या. जागा वाईट नाही तुमची. पण मला कुणी आणून ठेवलेलं चालणार नाही. यायचं झालं तर माझी मी येईन, रिक्षा करून."

तिघं गाडीने परत निघाली. करंजाडेचे टॉवर दिसायला लागले तेव्हा गुरुदत्त म्हणाला, "एकटी कशी राहणार तू? रात्री काही झालं तर?"

"एकटी राहणार नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या सुमतीला विचारणार आहे, रात्री माझ्याकडे झोपायला येतेस का म्हणून. तिचा मुलगा दुबईला असतो."

"आई, असं कुणाला कसं विचारायचं? काय वाटेल तिला?"

"तिला काय वाटेल ते ती सांगेल."

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर वाईट वाटेल," आशालताबाई म्हणाल्या. "मग दुसरीला विचारीन. गाडी इथेच गेटपाशी थांबव, ती आत्ता खाली बाकावर बसलेली असते."