कोरं जॅकेट

बोटवाल्याने फेकलेलं केशरी लाइफ जॅकेट शिंप्याने हवेतच झेललं, उलटं केलं आणि खांद्याजवळची शिवण बघून त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. दुहेरी टाका, शेवटी आडवी गाठ. त्याचाच हात.

सकाळी बायको, लेक आणि सासूबाईंना घेऊन येताना पाणी ताटासारखं सपाट होतं, जॅकेटं पोत्यातच राहिली. दिवसभर बेटावर मजेत लोळणं झालं. सासूबाई झाडाखाली इतक्या घोरल्या, की याने "बोट सुटली!" म्हणून त्यांना अनवाणी पळवलं. आता मात्र वारा पिसाळला होता आणि शेवटची बोट धक्क्यावर धाडधाड आपटत होती.

"जॅकेटाशिवाय कोणी चढायचं नाही," बोटवाला ओरडला. "नवी कोरी आलीत, लाजू नका!"

शिंप्याने अंगठा दाबला. आत फोम असता तर लगेच वर आला असता. खड्डा तसाच राहिला. चिंध्या. मालक म्हणाला होता, वरचं कापड चकचकीत ठेव, आत कोण डोकावतंय? एकदा गंमत म्हणून कारागिरांनी एक जॅकेट पाण्याच्या पिंपात टाकलं. गपकन तळाला गेलं. सगळा कारखाना पोट धरून हसला, सगळ्यात मोठ्याने हाच.

"दादा, ही जॅकेटं..."

"काय झालं?"

शिंप्याला मालक दिसला, रिकामं मशीन दिसलं आणि रांगेतल्या माणसांचे आपल्यावर उठणारे हात दिसले.

"काही नाही. झकास आहेत."

मग तो बायकोकडे वळला. "आज इथेच राहू या का?"

"पुरे हं तुमची थट्टा! आई, ही जॅकेटं यांनीच शिवलीत बरं का."

"काय सांगतेस!" सासूबाईंनी पट्टा ओढला. "जावईबापू, पहिल्यांदाच तुमचं काहीतरी अंगाला नीट बसलं."

बोटीत समोरच्या बाकावर कुणा बाईंची छोटी बसली होती. तिच्या अंगात जुनं, विटलेलं जॅकेट. शिंप्याने कौतुकाने थोपटल्यासारखं करून अंगठा दाबला. फोम टुणकन वर आला.

"बाळा, हे जुनाट कशाला? घे, माझ्या मुलीचं कोरं घे."

छोटी हरखली. बाई म्हणाल्या, "थँक्यू म्हण काकांना."

"बाबा, मला जुनं का?" लेकीने ओठ काढला.

"गप बस!"

लेक दचकली. बाबा असे कधी बोलत नसत.

छोटीला पट्टा लावता येईना. शिंपी खाली वाकला, पट्टा ओवला, ओढून घट्ट केला, उगाच पुन्हा एकदा ओढला.

बोट सुटली. पहिली लाट पुढच्या टोकावर आदळली, सगळे भिजले. छोटी खिदळली आणि तिने काकांचा हात धरला.

त्याने धरू दिला.