जाळ्याला वळसा

मार्गशीर्षातली कोवळी पहाट सरली होती आणि शिरखोलच्या किनाऱ्यावर केशरी उजेडाचा सडा पडला होता. शांत, शीतल, शुभ्रफेन समुद्र. माडांच्या माथ्यावर ऊन, माडांच्या पायाशी अजून सावली. आणि मधल्या ओल्या वाळूवर, जिथे रोज होड्या लागतात, तिथे त्या रविवारी ऐंशी स्पर्धक रंगीत टोप्या घालून कुडकुडत उभे होते. होड्या बाजूला सारल्या होत्या. समुद्राला कुणी विचारलं नव्हतं. त्याला कोण विचारतो!

त्या ऐंशींत एक चारुशीला. आत्माराम तांडेलाची एकुलती एक लेक, वय एकोणतीस, जन्मातली पहिली शर्यत. आधी पाऊण किलोमीटर समुद्र, मग वीस किलोमीटर सायकल, मग पाच किलोमीटर धाव. सायकल शाळेतल्या बाईंची, बूट मावसभावाचे, दम मात्र स्वतःचा.

चार वर्षं ती दूरच्या एका कारखान्यात कोळंबी सोलत होती. बर्फाचं पाणी, बर्फाची लादी, बर्फाचा श्वास. दहा बोटांची दहा टोकं पांढरी पडून सोलवटत, आणि रात्री उशीवर डोकं टेकलं तरी केसांतून तोच वास. आईच्या वर्षश्राद्धाला म्हणून ती घरी आली ती आठ महिने राहिली. आता कारखान्याने निरोप धाडला होता: सोमवारी ये, नाहीतर येऊच नकोस. आणि इथे, या किनाऱ्यावर, जीवरक्षकाची एक जागा निघाली होती. शर्यतीत जी स्थानिक बाई पहिली येईल, जागा तिची. एक जागा, एक रविवार. हरली तर सोमवारची बस ठरलेली.

पोहायला ती खाडीत शिकली, चोरून. तांडेलांच्या घरातल्या बायका मासे विकतात, निवडतात, सुकवतात. पाण्यात उतरत नाहीत. म्हणून रोज पहाटे ती टोपली घेऊन निघे, ‘तिसऱ्या काढूक जातंय’ म्हणे, तासभर पोहून मग खरोखरच चिखलातून चार मुठी शिंपल्या वेचून परते. बाप आवडीने त्यांचं सुकं खाई. आठ महिने खाल्लं बिचाऱ्याने. त्याला कधी शंका आली नाही.

शर्यतवाल्यांनी तिला स्थानिक म्हणून एक काम दिलं होतं. रविवारी सकाळी दहापर्यंत या पट्ट्यात कुणी जाळी टाकू नयेत, एवढी सूचना वाडीत घरोघर द्यायची. तिने तेवीस घरांपैकी बावीस घरांत कागद दिले, वाचून दाखवले, हसून सांगितलं. तेविसावं घर तिचं स्वतःचं. तो कागद तिने तांदळाच्या डब्याखाली सारला. सांगितलं असतं तर पोहण्याचंही सांगावं लागलं असतं, आणि बापाच्या तोंडाला लागायची तिची हिंमत नव्हती. बाकीच्यांनी टाकली नाहीत की तोही टाकणार नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

शिट्टी वाजली. ऐंशी देह, एकशे साठ हात, आणि पाण्याचा एकच कल्लोळ.

पहिल्या लाटेत सगळे भांबावले, ती भांबावली नाही. नाकातोंडात खारं पाणी गेलं, कुणाची लाथ खांद्याला बसली, कुणाचं कोपर कानाला. मग हळूहळू गर्दी मागे राहिली आणि पुढे उरलं नुसतं नीलहरित, निथळ, निर्मळ पाणी. किनाऱ्याला समांतर पिवळ्या फुग्यांची रांग होती. फुग्यांच्या आतून, किनाऱ्याच्या बाजूने पोहायचं, हे सकाळी तीन भाषांत तीनदा सांगितलं होतं. तिने तीनदा मान डोलावली होती.

हात पडत होते, हात उठत होते. श्वास डावीकडे, श्वास उजवीकडे. डावीकडे समुद्र, उजवीकडे गाव. तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की हे दोन्ही आपलंच आहे.

आणि तिला तो दिसला. निळा प्लास्टिकचा डबा, त्याला काळ्या ट्यूबची पट्टी. तिच्या बापाच्या जाळ्याची खूण.

वाळूकडून आत आडवं पसरलेलं, पाण्याखाली वीतभर बुडालेलं ते जाळं आत्माराम तांडेलाने पहाटेच आपल्या नेहमीच्या जागी टाकलं होतं. त्याला कुणी टाकू नको म्हटलंच नव्हतं. सुरक्षा नौकेतल्या पोरांना तो डबा कचरा वाटला. चारुशीलेला त्या जाळ्याची गाठ न् गाठ ठाऊक होती. चष्म्याची मोडकी काडी दोऱ्याने कानाला बांधून, अख्खा श्रावण आणि अर्धा भाद्रपद ओसरीवर बसून म्हाताऱ्याने ते विणलं होतं.

जाळ्याला पाय लावायचा नसतो. वाळूत पसरलेलं असलं तरी ओलांडायचं नसतं, वळसा घालून जायचं असतं. शिरखोलचं पोर चालायला लागतं तेव्हा त्याला पहिलं हेच शिकवतात, चूल आणि विस्तव त्यानंतर. तिने विचार केला नाही. विचार करायला लागणाऱ्या गोष्टींतली ती गोष्टच नव्हती. तिचं अंग आपसूक वळलं, निळ्या डब्याच्या बाहेरून, पिवळ्या फुग्यांच्याही बाहेरून, चाळीस हात जास्त पोहून पुन्हा आत आलं. मागच्यांच्या पायांनी पाणी घुसळल्याचा आवाज तिला ऐकू आला. ते सरळ जाळ्यावरून येत होते.

मग सायकल. तांबडी वाट, तांबडी धूळ, कुंपणांवरची कण्हेर. चढावर फुप्फुसं फाटली, उतारावर डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिने कुणालाही पुढे जाऊ दिलं नाही. मग धाव. मावसभावाचे बूट पहिल्याच किलोमीटरला चावू लागले, तिसऱ्याला रक्त आलं, चौथ्याला तिला रक्ताचं काही वाटेनासं झालं. काठावरच्या बायका ओरडत होत्या, “चारू गो, धाव! धाव गो बाय!” ती धावली. स्थानिक बायांत ती पहिली आली, दुसरीच्या सात मिनिटं आधी, आणि फितीपलीकडे वाळूत गुडघ्यांवर कोसळून लहान पोरीसारखी हसली. एवढा आनंद तिला कधीच झाला नव्हता.

तो अर्धा तास टिकला.

कागद लावलेली फळी छातीशी धरून शर्यतवाल्यांतले एक गृहस्थ आले. सभ्य होते, आवाजही मऊ होता. “ताई, तुम्ही फुग्यांच्या बाहेरून गेलात. तुमचं नाव बाद झालंय.”

“अहो, पण कमी नाय पवलंय मी! जास्त पवलंय!”

“जास्त-कमीचा प्रश्न नाही हो. रेषेचा आहे.”

रेषेचा. समुद्रावर रेषा ओढणाऱ्या माणसाशी काय बोलायचं? जाळं होतं, बापाचं होतं, असं ती सांगू लागली, आणि सांगता सांगता थांबली. कारण पुढचा प्रश्न साधा होता, आणि तो त्यांनी विचारलाच. “सूचना वाटायचं काम तुमच्याकडेच होतं ना?”

जागा दुसरीला गेली. टाळ्या वाजल्या. तिनेही वाजवल्या, हात आपोआप वाजले.

किनाऱ्याच्या टोकाला आत्माराम जाळं ओढून बसला होता. पोहणाऱ्यांच्या टाचांनी, बोटांनी, घाईने त्याची लक्तरं केली होती. लेक त्या तोकड्या, घट्ट, ओल्या कपड्यांत समोर येऊन उभी राहिली. त्याने एकदा पाहिलं आणि नजर फिरवली.

तिने सगळं सांगितलं. खाडी, तिसऱ्या, कागद, वळसा, सगळं.

“पयली इलंस?”

“व्हय.”

“आणि?”

“आणि काय नाय.”

त्याने एकेका भोकात बोटं घालून पाहिली. “माझाच जाळा होता मा? मगे वरसून जावचा होता. फाटला असता, तर शिवला असता.” आणि मग, आवाज न चढवता, “माका सांगलं असतंस, तर टाकलाच नसता.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. आठ महिने ज्याची भीती बाळगली तो माणूस हाच होता, आणि याला नुसतं सांगायचं होतं. तिला स्वतःची इतकी चीड आली की रडूही फुटेना.

“ह्या काय?” त्याने तिच्या दंडाकडे बोट केलं. सकाळी काळ्या शाईने आकडा लिहिला होता, सत्तेचाळीस.

“नंबर.”

“हात हाड हंय.”

ती वाळूत बसली आणि हात त्याच्यापुढे केला. त्याने नारळाच्या सालीचं सोडण खाऱ्या पाण्यात भिजवलं आणि तिचा दंड मांडीवर घेऊन घासू लागला, हळू, मग जोराने, मग आणखी जोराने. भरती चढत होती, ऊन चढत होतं, शर्यतीचा मांडव उतरत होता. कातडी लाल झाली, लाल होऊन चुरचुरली, चुरचुरून सोलवटली. बाप घासत राहिला, लेक हात देऊन बसून राहिली, आणि सत्तेचाळीस काही गेला नाही.