चार शितं

एकनाथरावांनी नातीला स्पष्ट सांगितलं होतं की बाकी कशावरही सिनेमा काढ, पण जपानी सैनिकांचं कौतुक माझ्यासमोर नको. त्यांचे वडील ब्रिटिश फौजेतून इंफाळला लढायला गेले आणि तिथेच जपान्यांच्या गोळीला बळी पडले. एकनाथराव तेव्हा आईच्या पोटात होते. ऐंशी वर्षं जपलेला राग, मिशिगनला मुलाकडे राहायला आले म्हणून थोडाच ओसरणार?

पण स्वानंदी त्यांचीच नात, हट्टात कुठे कमी पडणार? तिची पहिलीवहिली फिल्म इंफाळहून माघार घेणाऱ्या जपानी सैनिकांची होती, आणि आजोबांनी पाहिल्याशिवाय ती कुठेच दाखवायची नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. शेवटी एका रविवारी जेवणं झाल्यावर एकनाथराव टीव्हीसमोर बसले, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं करून.

पडद्यावर पाऊस, चिखल आणि भुकेने खंगलेली पोरं. त्यांतला एक झाडाखाली टेकला. डब्यात जेमतेम मूठभर भात होता. त्याने ओंजळीतलं पाणी डब्याभोवती फिरवलं, चार शितं बाहेर जमिनीवर ठेवली आणि मग घास उचलला.

"थांबव," एकनाथराव म्हणाले. "जपानी लोक असं करत नाहीत. हे आपल्यातलं आहे."

स्वानंदीचा चेहरा उतरला. जेवणाआधी काय करू, असं त्या नटाने विचारलं होतं. लहानपणापासून आजोबांना ताटावर जे करताना पाहिलं, तेच तिने करून दाखवलं. जपानात जुन्या काळी करत असतील, असं त्या बिचाऱ्यालाही वाटलं. एवढी पुस्तकं वाचली, पण हे तपासायचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"आय थॉट सगळेच करतात," ती म्हणाली. "सॉरी आजोबा, मी तो शॉट कट करते."

एकनाथरावांची नजर पडद्यावर थांबलेल्या त्या हातांवर होती. ही सवय त्यांना आईने लावली होती. तुझे वडील असंच करायचे, असं ती ताटावर बसलं की सांगायची. घरातल्या एकुलत्या एका फोटोत वडिलांचा नुसता चेहरा होता, गणवेशाच्या कॉलरपर्यंत. आज त्यांचे हात दिसले, तेही कुणाच्या, तर एका जपानी सैनिकाच्या अंगावर! राग धरून ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण डोळे ऐकेनात.

"कापू नकोस," ते म्हणाले. "माझ्या बापाला जेवताना मी कधी पाहिलं नव्हतं. चालू कर, जेवू दे त्याला."