रविवार नको

“घाबरू नका, पाणी घ्या,” मध्यस्थ मॅडम म्हणाल्या. मी ग्लास उचलला आणि अर्धं पाणी शर्टावर सांडलं. समोर छाया बसली होती. माझी बायको, अजून तरी. तिनं बघितलं आणि मान खाली घातली.

खोटं कशाला सांगू, माझी पार तंतरली होती. सातपूरच्या कंपनीत सतरा वर्षं लेथवर उभा आहे. लोखंडाचा तापलेला कीस अंगावर उडतो, तरी हलत नाही. पण कोर्टातल्या या मध्यस्थीच्या खोलीत, चांगल्या पंख्याखाली, मला घाम फुटला होता. घटस्फोट दोघांनाही मान्य होता. सायली, आमची साडेसात वर्षांची पोरगी, आईकडे राहणार हेही ठरलं होतं. मला ती किती भेटणार, की भेटणारच नाही, ते आज ठरायचं होतं.

त्यात आमचे वकीलसाहेब. जिन्यातच त्यांनी मला दरडावलं होतं, “धनराज, आत शिफ्टबिफ्टचं रडगाणं गाऊ नका. बापाला वेळ नाही असं दिसलं की संपलं.”

“पण साहेब, मला रविवारी...”

“तोंडाला कुलूप! समजलं?”

कुलूप लावण्यात माझा हात कोण धरणार? छायाची तक्रार तीच तर होती. नऊ वर्षं संसार केला. ती बोलायची आणि मी ताटात बघायचो. “तुमच्यापेक्षा भिंत बरी,” ती म्हणायची, “तिच्यावर कॅलेंडर तरी लावता येतं.” शेवटी पोरीला घेऊन माहेरी निघाली, तेव्हाही मी दारात नुसता उभा राहिलो. थांब म्हणायला काय पैसे पडत होते?

“इथलं बोलणं या खोलीबाहेर जात नाही,” मॅडमनी सांगितलं. “मी निकाल देत नाही. तुमचं दोघांचं जे जमेल ते लिहायचं. नाही जमलं तर केस परत कोर्टात. बोला, मुलीनं वडिलांना कधी भेटायचं? रविवारी, सकाळी दहा ते सहा?”

आमच्या कंपनीची सुट्टी शनिवारी. रविवारी मशीन चालू, दांडी मारली की मेमो. दोन रविवार चुकले की छायाचे वकील म्हणणार, बघा, बापाला पोरीची पर्वा नाही. आणि तिकडे सायली नवा फ्रॉक घालून पायरीवर वाट बघत बसणार. बोल की लेका, बोल!

“चालेल,” मी म्हणालो.

मॅडम लिहायला लागल्या.

“मॅडम, रविवार नको,” छाया म्हणाली.

झालं! एवढा एक दिवसही हिला बघवेना. मी टेबलाची कड घट्ट धरली. गेली, माझी पोरगी गेली, एवढंच डोक्यात फिरत होतं.

“शनिवार लिहा,” ती म्हणाली. “यांना रविवारी ड्यूटी असते. शनिवारी सायलीची शाळा साडेदहाला सुटते, तिथूनच नेऊ द्या. मला त्या दिवशी दुकानात कामाला जावंच लागतं.”

मॅडमचं पेन थांबलं. “अहो धनराज, मग तुम्ही चालेल कसं म्हणालात?”

मी शर्टावरचं ओलं पुसायला लागलो.

“भ्यायले असतील,” छाया म्हणाली. “भ्यायले की ते हो म्हणतात. मला बघायला आले होते तेव्हाही असंच म्हणाले.”

मॅडमना हसू आलं. मलाही आलं असतं, पण डोळेच भरून आले. आमच्या घरातला रविवार शनिवारी यायचा. मारुतीचा वार, म्हणून सुट्टी असून मटण नाही. मग आम्ही तिघं मिसळ खायला जायचो. सगळ्या जगाला शनिवारीच सुट्टी असते, असं सायलीला शाळेत जाईपर्यंत वाटायचं. हे सगळं हिच्या लक्षात होतं.

मॅडमनी कागद वाचून दाखवला. “कबूल?” मी हो म्हणालो, पण आवाजच फुटला नाही. मग पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं. सह्या झाल्या.

खाली छाया स्कूटी काढत होती. मी जवळ गेलो.

“तिच्या मिसळीत तर्री घालू देऊ नका,” ती म्हणाली. “दही मागा. पोटात दुखतं तिच्या.”

“मागतो. छाया...”

ती थांबली. मला लय बोलायचं होतं. इतकं की कुठून सुरू करावं ते कळेना.

“मी लय भ्यालो होतो गं,” मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे बघितलं. “हेच,” ती म्हणाली. “एवढंच कधी घरात बोलला असतात तर...”

त्या स्कूटीचं स्टँड पहिल्यापासून अडकतं. दर शनिवारी मी त्याला तेल घालायचो, तरी अडकायचं. मग ती खालून हाक मारायची आणि मी जाऊन पायानं उडवायचो. आताही मी सवयीनं पाय पुढे केला. तोवर तिनं टाचेनं दोन लाथा हाणून ते वर केलं होतं, आणि ती गेटबाहेर पडली.