अर्धी गोळी

दत्तोबाची गोळी घरी अडकित्त्यानं कापली जाते, हे संशोधन केंद्रातल्या डॉक्टरांना स्वप्नातही सुचलं नसतं. तिथं शिकली-सवरलेली माणसं होती, त्यांना भावकी कुठून कळणार!

आजार घराण्यातलाच. आधी हात वाळतात, मग पाय, मग जीभ जड होते आणि शेवटी श्वास अडतो. विजयमालेचे सासरे त्यातच गेले. पुढं थोरला दीर गेनबा अंथरुणाला टेकला, आणि दोन वर्षांत तिच्या नवऱ्याच्या, दत्तोबाच्या, हातून चहाचा कप निसटायला लागला. त्याच सुमारास शहरातल्या संशोधन केंद्रात या आजारावरच्या नव्या औषधाची चाचणी निघाली. विश्रांतवाडीहून रिक्षा करून दोघं भाऊ गेले. गेनबाचा श्वास मोजणीत आधीच कमी भरला, त्याला घेतलं नाही. दत्तोबाला घेतलं. रोज एक गोळी, आणि घेतली की कार्डावर तशी नोंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेनबाची बायको मथुराबाई दारात येऊन उभी राहिली. "भावजींची गोळी आली म्हनं," एवढंच बोलली आणि तिनं पदर तोंडाला लावला. दत्तोबानं विजयमालेला अडकित्ता आणायला सांगितलं. मळ्यातलं कणीससुद्धा निम्मं निम्मं खाल्लेले भाऊ ते! नवऱ्याचा जीव काय सुपारी आहे, कातरून वाटायला, असं विजयमालेच्या मनात आलं. पण नाही म्हणायची तिची छाती झाली नाही. नाही म्हणणाऱ्या सुनेला भावकी जन्मभर बोल लावते. ती रोज गोळी कातरत राहिली आणि कार्डावर 'पूर्ण' लिहीत राहिली.

आठ महिन्यांनी गेनबा गेला. तोवर दत्तोबाची वाचाही गेली होती. तेराव्याला मथुराबाई त्याला म्हणाली, "तुमच्या गोळीनं माज्या मान्साला आठ म्हैने दिले, भावजी." दत्तोबाचे डोळे भरून आले. त्या सबंध वर्षात विजयमालेनं त्याला तेवढंच एकदा समाधानात पाहिलं.

पुढच्या तपासणीला मथुराबाईच सोबत आली. दत्तोबाला उचलायला दोघी लागत. चाचणीच्या डॉक्टर नीरजाबाईंनी कागद पुढं ओढले.

"अहो, इतरांचा आजार या गोळीनं जागच्या जागी थांबलाय. यांच्या रक्तात मात्र औषध प्रत्येक वेळी निम्मंच सापडतंय, आणि निम्म्यानं काहीएक होत नाही, हे आता पक्कं झालंय. यांचं शरीर औषध शोषत नसेल, तर बंद करावं लागेल. गोळी रोज पूर्ण घेत होते ना?"

दत्तोबानं लगेच मान हलवली. हो. मग विजयमालेकडे पाहून पुन्हा हलवली. अर्धी गोळी फुकट गेली हे त्याला वहिनीला कळू द्यायचं नव्हतं, एवढं विजयमालेला उमगलं. पण गप्प बसलं तर औषध बंद, आणि माणूस हातचा जाणार.

"न्हाई, बाई," विजयमाला म्हणाली. "अर्धीच घेत हुते. अर्धी थोरल्यांना जायची. आता पुरी देते."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"हे पहिल्या महिन्यात सांगायचं होतं. चाचणीतली गोळी दुसऱ्याला दिली की माणसाचं नाव कमी होतं. नियम माझा नाही. मला आता एकही गोळी देता येणार नाही."

"पन खरं बोलले की मी!"

"हो," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "उरलेल्या गोळ्या आणून द्या."

मथुराबाई उभीच होती. "म्हंजी माज्या मान्साला त्येचा कायच उपेग झाला न्हाई?" तिनं विचारलं. ती व्हीलचेअरपाशी फरशीवर बसली आणि दत्तोबाचा वाळलेला हात धरून म्हणाली, "मी दारात यायलाच नको हुतं, भावजी. तुमचं बी घालवलं मी."

दत्तोबा मान हलवत राहिला. नाही, नाही, नाही. तेवढंच त्याला जमत होतं. घरी पोचेपर्यंत तो वहिनीकडे बघत मान हलवतच होता. विजयमालेकडे मात्र त्यानं एकदाही पाहिलं नाही.