टोकाच्या पायरीवर

मामीने शिडीच्या तिसऱ्या पायरीवर भार टाकला, कान दिला आणि ती खाली उतरली.

"हीपण नाही," ती म्हणाली.

बाहेर टेम्पो अर्धा भरून उभा होता. सुपरवायझर तिच्या नवऱ्याचा भाचा. शिड्यांच्या या कारखान्यात तिला तपासणीला त्यानेच चिकटवले होते.

"मामी, रिव्हेट जरासा हलतो, एवढंच. ओके लिहा आणि विषय संपवा."

"हलतो तर ओके कसं?"

भाच्याच्या तोंडी तो शब्द दिवसभर असे. चहा आला, ओके. साहेबांनी झापले, ओके. फोन ठेवायचा, ओके ओके. मामीला मात्र पन्नाशीत अक्षरे गिरवताना पहिली जमली ती हीच दोन, आणि त्यांचा तिच्यापुरता अर्थ एकच होता: मी टोकापर्यंत चढले, आता तुम्ही चढा. म्हणून ती उभ्या शिडीवर जाऊन अगदी शेवटच्या पायरीवर खडूने लिही. तिचे बघून तोच कारखान्याचा रिवाज झाला होता.

"पंचवीस शिड्या अडवल्यात तुम्ही. साहेब उद्या घरी बसवतील. मग माझ्याकडे येऊ नका."

"नाही येणार. घरी बसायला कुणाचा वशिला लागत नाही."

भाच्याने तिच्या हातातला खडू ओढून घेतला, शिडी जमिनीवर टाकली आणि उकिडवा बसून ओके लिहिले. मामीने तळहाताने पुसले. त्याने पुन्हा लिहिले. तिने पुन्हा पुसले.

"आडव्या शिडीवर काय, रांगतं पोरही चढेल." तिने शिडी उचलून भिंतीला लावली, पायथा पायाने दाबला आणि दोन्ही हातांनी धरला. "लिही की. पण वर जाऊन लिही. मी धरलीय."

टेम्पोवाला बघत होता. भाचा चढला. पहिली. दुसरी. तिसऱ्या पायरीवर टक्क आवाज झाला. त्याने मान वर केली. अजून नऊ पायऱ्या होत्या. मामीच्या मनगटांवरच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

तो खाली उतरला, तोच त्याचा फोन वाजला. साहेबांचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा होता.

"माल निघाला? सगळं ओके ना?"

"नाही, साहेब."

"कोण म्हणतं? ती म्हातारी?"

मामीने फोनसाठी हात पुढे केला. भाच्याने तो दिला नाही.

"मी चढलो होतो," तो म्हणाला.