घाईने आलेले आजोबा

गुरांच्या डॉक्टरांच्या सासूबाईंकडे एक म्हातारी शेळी होती. तिचं हे शेवटचं वेत, आणि तेही अपुऱ्या दिवसांचं. एकुलतं एक करडू चीक प्यायचं आणि प्यायलेलं तसंच मागून सोडायचं. पोट कसलं, पन्हळच ती.

जावयाला बोलावणं गेलं. डॉक्टरांनी करडाच्या पोटाला कान लावला.

"दिवस भरत आले की पिल्लाच्या अंगात एक हार्मोन वाढतं. ते आतड्यांना सांगतं, उठा, कामाला लागा. हे घाईने आलं. निरोप पोचायचाच राहिला."

"मग तुम्ही पोचवा. हे गेलं तर शेळीमागे माझ्या गोठ्यात कोण उरलं?"

डॉक्टरांनी सुईने निरोप पोचवला. सासूबाई समोर उभ्या, त्यामुळे सुई जास्तच दाबली गेली आणि निरोप जरा सविस्तर गेला.

दुपारपर्यंत आतडी अशी पिकली की करडू गवत खाऊन रवंथ करत बसलं. डोळे अर्धे मिटलेले, जबडा डावीकडून उजवीकडे. खोटं वाटत असेल तर शेळीला विचारा. पोर आपल्याआधी म्हातारं झालेलं पाहून तिचा घास तोंडातच राहिला होता. सासूबाईंनी करडाचं नाव ठेवलं, आजोबा.

आजोबांनी मग दाव्याचा शेंडा खाल्ला, डॉक्टरांची बाही खाल्ली. सगळं पचलं. पण आईचं दूध पोटात जाताच पोटाचा नगारा झाला आणि पाय ताठले.

"मोठेपणी आतडं दूध पचवायचं विसरतं," डॉक्टर म्हणाले. "ह्यांचं आजच मोठं झालं."

"आणि अंग? ते तर मुठीएवढं. नुसत्या गवतावर जगेल?"

डॉक्टर उरलेली बाही दुमडू लागले.

"छान! लेक दिली, ती तुमच्या घरी वाळली. करडू दिलं, ते फुगलं."

"विरजण लावा, आई," डॉक्टर हळूच म्हणाले. "पोटाचं काम मडक्यात होऊ द्या."

सकाळी सासूबाईंनी शेळीच्याच दुधाचं ताक वाडग्यात ओतलं. आजोबा आले. वास घेतला. काल दुधाने केलेली दशा ते विसरले नव्हते. ओठ पुढे काढून त्यांनी ताक फुंकलं. एकदा, मग पुन्हा. नंतर वाडगं चाटूनपुसून रिकामं केलं. पोट जागच्या जागी राहिलं, आणि ऊन डोक्यावर येईतो आजोबा चारही पायांवर उड्या मारत होते. जबडा मात्र चालूच.

"बसा, जावईबापू, दमलात." सासूबाईंनी उरलेलं ताक पेल्यात ओतून पुढे केलं. आणि चक्क हसल्या.

डॉक्टरांनी त्या हसण्याकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं, आणि फुंकर घातली.